नसलेल्या दुकानाची वाक्यं

कारंजा लाडच्या बाजारात देवेंद्रकुमारांचा आवाज ओळखत नाही असा माणूस नव्हता. धान्याच्या दुकानात गादीवर बसून ते बोलायचे, ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. श्रावणात झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचाच बसली. एवढा बोलका माणूस पाण्याला पाणी म्हणू शकेना, हे पाहून बायको तारामती हबकून गेली.

बोलणं शिकवायला येणाऱ्या पल्लवीनं उपाय सांगितला. रोजच्या कामातला एकेक शब्द द्यायचा आणि त्यांनी त्याचं पूर्ण वाक्य करायचं. तारामतीनं आपल्या रोजच्या कामातले शब्द काढले. पोळपाट, केरसुणी, कुकर. देवेंद्रकुमार नुसते बघत राहिले. बघणारच. उभ्या संसारात ज्यानं पाण्याचा ग्लास स्वतः भरून घेतला नाही, तो केरसुणीचं वाक्य कुठून आणणार? मग तिनं दुकानातले शब्द घेतले. चाळणी म्हणताच ते अडखळत म्हणाले, "तूर... चाळून काढा." तारामतीला किती आनंद झाला म्हणून सांगावं!

पण घोडं पेंड खात होतं ते इथंच. दुकान उरलंच नव्हतं. ते दवाखान्यात असतानाच मुलानं, मयंकनं, माल काढून त्याच्याच नावावर असलेली जागा एका मोबाइलवाल्याला विकली होती. त्या धंद्यात त्याचं मन कधी रमलंच नव्हतं. पप्पांना कळलं तर दुसरा झटका येईल, असं सांगून त्यानं आईचं तोंड बंद केलं, आणि स्वतः रोज सकाळी दुकानात जातो म्हणून घराबाहेर पडू लागला. नसलेल्या दुकानाच्या शब्दांवर नवऱ्याला बोलतं करायचं, हे पाप तारामतीच्या वाट्याला आलं. वाक्य बरोबर आलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हळूहळू ते मोजूही लागले. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही मापाऱ्यांची जुनी रीत. ते पोती मोजत तीही लाभ, दोन, तीन अशीच. पल्लवीला वाटलं, यांना 'एक' अजून जमत नाही. तारामतीनं रीत सांगितली तेव्हा ती हसली.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी तारामतीनं 'पोतं' हा शब्द दिला. देवेंद्रकुमार म्हणाले, "एक पोतं... दोन पोती."

तिनं विचारलं, "एक काहून म्हणता?"

"माप बंद झालं," ते म्हणाले. "मयंकच्या कपड्याले... धान्याचा वास नाही येत."

म्हणजे दुकान गेल्याचं त्यांना कळून चुकलं होतं. तारामती रडत माफी मागू लागली. आता मयंकला सगळं सांगते, हे नाटक पुरे झालं, म्हणाली. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"त्याले सांगू नको, तारा. घाबरून जाईन पोरगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मयंक दारात चपला घालत होता. देवेंद्रकुमारांनी खुर्चीतूनच हाक मारली आणि कुठंही न अडखळता म्हणाले, "मयंक, गिऱ्हाइकाले माप नीट दे."

इतकं सलग वाक्य झटक्यानंतर पहिलंच होतं. पप्पा सुधारले म्हणून मयंक हरखला, हो म्हणाला आणि जिना उतरून गेला. तारामतीनं त्या दिवशी नवऱ्याला एकही शब्द दिला नाही.