अळी अंबिकाकाकूंच्या मनगटावर

आमच्या लालबागच्या चाळीत गच्चीवर कोबी पिकतो, आणि तो अंबिकाकाकू पिकवतात. बत्तीस वर्षं बाई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करत होत्या. आता मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांत माती भरून म्हणतात, हे माझं. त्यावर कोण काय बोलणार?

यंदा चाळीतल्या पोरांच्या अंगाला खाज सुटली. सेक्रेटरी मनमोहन वेंगुर्लेकर म्हणाले, कोबीच्या अळ्यांमुळे. झालं! रविवारी मीटिंग घ्यायची आणि खोकी गच्चीवरून खाली उतरवायची, असा हुकूम निघाला. औषध मारलं तर ठेवू, अशी सवलतही दिली. काकू म्हणाल्या, विष मारलेला कोबी मी माझ्या नातवाला घालणार नाही. मी शेजारीण, मलाच राग आला. अहो, या माणसाने कधी कोबीचं पान उलटून पाहिलंय का?

काकू रोज सकाळी उलटतात. अळी हिरवी, बारीक, नखाएवढी, हात लावला की वळवळत धाग्याला लोंबकळते. ती पान खालून खरवडते, वर पातळ पापुद्रा तेवढा उरतो. काकू ती चिमटीत चिरडतात, पानांवर निंबोळीचा अर्क शिंपडतात. कडेला मोहरी लावतात, म्हणजे पतंग अंडी तिथेच घालतो. शेजारणी हसायच्या, हसू देत.

मीटिंगला काकू एक पान घेऊन आल्या. त्यावरची अळी उचलून मनगटावर ठेवली आणि अर्धा तास तशाच बसल्या. ना लाली, ना खाज. मग उठल्या.

खरी खाज कुठून येते ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. मनमोहननी मागच्या अंगणात लावलेल्या शेवग्यावर केसाळ सुरवंटांची वस्ती झालेली, आणि त्याच्या फांद्या नेमक्या पोरांचे कपडे वाळत घालतो त्या दोरीवर. पण सेक्रेटरीच्या झाडाला नावं कोण ठेवणार?

"मनमोहनभाऊ," काकू शांतपणे म्हणाल्या, "आता तुमच्या शेवग्यावरली एक हातार घेवा बघूया."

मनमोहननी दोन्ही हात मागे नेले. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं. फांद्या छाटायचं ठरलं, खोक्यांचा विषय परत निघालाच नाही.

मी म्हटलं, काकू, आता त्या बिचारीला सोडा की, तिनेच तुम्हाला वाचवलं. काकूंनी मनगटावरची अळी चिमटीत धरली आणि चिरडली.

"खाज येणा नाय म्हणान सोडतलंय काय? माजो कोबी खाता ती."