मेपलच्या वडीचे डोहाळे

बायकांना डोहाळे लागले की त्या चिंच मागतात, कैरी मागतात, फार तर पाटीवरची पेन्सिल खातात. माझ्या बायकोनं मेपल मागितलं.

दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. आम्ही जर्मनीत इंगोलश्टाटला राहायचो. बायको गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, आणि मी तिचा नवरा. माझा हुद्दा तेवढाच, व्हिजावरही तोच लिहिलेला. दहावीला मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा बसूनच राहिलो. चाकणला माझं पंक्चरचं दुकान होतं. तिच्या स्कूटीचं पंक्चर काढता काढता आमचं लग्न झालं, ते सासूबाईंना अजून नीट पटलेलं नाही. इंगोलश्टाटला मी एका टायरच्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस जायचो. हिवाळा आला की उन्हाळ्याचे टायर काढायचे, उन्हाळा आला की हिवाळ्याचे. जर्मन मला तीनच शब्द येत होते. जा म्हणजे हो, गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर आणि आल्झो म्हणजे तर मग. समोरचा बोलायला लागला की मी मधेमधे हे तीन टाकायचो. लोक खूश व्हायचे. एक जण तर माझ्याशी अर्धा तास बोलला आणि जाताना मला मिठी मारून गेला. त्याचं काय झालं होतं, देव जाणे.

तर पोटुशी राहिल्यावर सुरुवातीसुरुवातीला बायको कामासाठी दोन आठवडे अमेरिकेला जाऊन आली होती. तिथे कुणाच्या तरी आईनं घरी केलेली मेपल-अक्रोडाची वडी तिनं खाल्ली. तेव्हा काही बोलली नाही. सातव्या महिन्यात, नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी, गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसलेली असताना एकदम म्हणाली, "मला ती वडी पाहिजे."

"कुठली?"

"मेपलची. जुन्या पद्धतीची. तोंडात टाकली की आधी भुरभुरते, मग विरघळते, मग अक्रोड लागतो."

"मेपल म्हणजे काय?"

"झाड असतं रे. आपल्याकडे शिंदीची नीरा काढतात ना, तसा त्याचा रस काढतात आणि आटवतात."

"म्हणजे झाडाची काकवी."

"हो. त्या काकवीची वडी. इथे दुकानात नाही मिळत, मी बघितलं. तू करशील?"

आता हे 'तू करशील' माझ्या काळजात का घुसलं ते सांगतो. तोवर त्या बाईनं माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. घर तिनं शोधलं. आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, तिनं केली, बँक, इन्शुरन्स, डॉक्टर, सगळं तिनंच केलं. एकदा मी चुकीच्या ट्रेनमध्ये बसून म्युनिकला पोचलो, तर तिथून मला आणायलाही तीच आली. आणि आज पहिल्यांदा ती म्हणत होती, मला दे. ही वडी जमली नाही तर मी घरात नुसता टेबलासारखा उभा आहे, असं मला वाटायला लागलं. टेबलाचा निदान उपयोग तरी होतो.

त्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल.

"अहो जावईबापू, डोहाळे पुरवा हो तिचे. अपुरे राहिले तर बाळाचे कान फुटतात."

"आई, असं काही नसतं," बायको म्हणाली.

"तू गप्प. तुझ्या वेळी मला बर्फी हवी होती आणि तुझ्या बाबांनी पेढे आणले. लहानपणी तुझे कान किती वाहायचे, विसरलीस?"

त्यानंतर मला जिकडेतिकडे कानच दिसायला लागले. वर्कशॉपमध्ये टायर बघितला तरी कान.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटलो तो सिरप आणायला गेलो. आता सिरप कुठे मिळतं? माझ्या आख्ख्या आयुष्यात मला सिरप औषधाच्या दुकानातच मिळालेलं. गेलो आपोथेकेत. म्हटलं, "सिरूप." काउंटरवरच्या बाईनं काहीतरी विचारलं. मी तळहातावर बोटानं पान काढून दाखवलं, बायकोनं मोबाइलवर दाखवलेलं तसं, कोपऱ्याकोपऱ्याचं. तिचा चेहरा उजळला. छातीवर हात ठेवून तिनं मला विचारलं, "ख्ख, ख्ख?"

मी म्हटलं, "जा, जा. गेनाऊ!"

तिनं बाटली दिली. वर हिरवंगार कोपऱ्याकोपऱ्याचं पान. मी नाचतच घरी. बायको यायच्या आत पातेल्यात ओतून उकळायला ठेवलं. थोड्या वेळानं घराला असा वास सुटला, जसं काही कुणी दवाखाना धुऊन वाळत घातलाय. बायको आली, दारातच नाक धरलं, ओट्यावरची बाटली वाचली आणि खाली बसली.

"अरे, हे खोकल्याचं आहे! पान मेपलचं नाही, वेलीचं आहे!"

"वेल तर वेल. गोड आहे ना?"

ती इतकी हसली, इतकी हसली, की पोट दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "बास, बाळ पण हलायला लागलंय." मी उगाच एक चमचा चाटून बघितला. मला खोकला नव्हताच, त्यामुळे गुण आला की नाही ते सांगता येत नाही.

मग सिरपच्या बाटल्या शेवटी तीच घेऊन आली. साय, लोणी, अक्रोडही तिनंच आणले. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मोबाइलवर रेसिपी वाचून मला समजावून सांगितलं. "सगळं एकत्र एकशे तेरा डिग्रीपर्यंत उकळायचं. मग कोमट होईपर्यंत अजिबात हात लावायचा नाही. मग चमक जाईपर्यंत घोटायचं. शेवटी अक्रोड घालून थापायचं."

"एवढंच?"

"एवढंच," म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन झोपली.

घरात थर्मामीटर एकच, तापाचा. तो बेचाळीसलाच हात टेकतो. मग लावला सासूबाईंना फोन. मोबाइल पातेल्यावर धरला.

"काहीच दिसत नाही हो. धूर झालाय. तुमचा फोन पुसा."

पुसला.

"आता वाटीत गार पाणी घ्या. त्यात थेंब टाका. बोटांत धरून गोळी होते का बघा."

"होते, आई."

"मऊ का कडक?"

"थांबा, खाऊन बघतो."

"अहो, खायची नाही, दाबायची!"

पण मऊ गोळी लागत होती फार छान. मी आणखी दोन-तीन करून बघितल्या, खात्रीसाठी. सासूबाई ओरडल्या, "बंद करा आता!" मी बटण फिरवलं. "केलं, आई." त्यांची देवळात जायची वेळ झाली होती, त्यांनी फोन ठेवला.

आणि मी पातेलं तिथेच सोडून निवांत अक्रोड फोडायला बसलो. बायकोनं अक्रोड आणले होते कवचासकट. अडकित्ता नाही, खलबत्ता नाही. पण लहानपणी आम्ही अक्रोड दाराच्या फटीत फोडायचो. बिजागरीच्या बाजूला अक्रोड धरायचा आणि दार ओढायचं. इथलं दार तर काय मजबूत! धाड. धाड. धाड. फुटले की सगळे.

परत येऊन बघतो तर पातेल्यात चमचा उभा. सरळ, ध्वजासारखा. ओढला, तर चमच्याबरोबर पातेलंही वर आलं. मेपलचा पार दगड झाला होता.

मग मी वर्कशॉपचा रबरी हातोडा काढला. रबरी एवढ्यासाठी की आवाज होऊ नये. पातेलं उपडं घातलं आणि ठोकायला लागलो. रबराचा आवाज होत नाही, पातेल्याचा होतो, हे मला दहावी पास झालो असतो तर कळलं असतं की काय, कोण जाणे.

बेल वाजली. दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या आजी. ताठ, पांढरे केस, आणि चेहऱ्यावर सबंध हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीची नियमावली, लिहिलेली.

"हॉयटे इस्ट झोनटाग!"

आज रविवार आहे, हे त्या मला सांगत होत्या. रविवारी इथे माणूस कपाटसुद्धा हळू लावतो. मी एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात चमच्याला लटकलेलं पातेलं, असा दारात उभा. बोलायला तीन शब्द. मी म्हटलं, "आल्झो..." आणि पातेलं पुढे केलं.

आजींनी चमच्याला टिचकी मारली. पातेल्याचा वास घेतला. मी हात गोल करून मोठं पोट दाखवलं, आतल्या खोलीकडे बोट केलं आणि खाल्ल्यासारखं केलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातातला हातोडा काढून घेतला. मग सरळ आत आल्या, पातेल्यात अर्धा कप पाणी ओतलं, ते शेगडीवर बारीक आचेवर ठेवलं आणि हातोडा मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. पहाराच बसला म्हणा ना.

दगड हळूहळू वितळला. उकळला. मी परत पाण्यात थेंब टाकले, या वेळी न खाता. मऊ गोळी झाली. मी बटण बंद केलं आणि बाजूला झालो. आजी उठल्या आणि त्यांनी पातेलं उचलून लाकडी पाटावर ठेवलं. शेगडीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "हाइस!"

मी हात जवळ नेऊन बघितलं. विजेची शेगडी, बंद केली तरी तापलेलीच! गॅस बंद केला की बंद होतो, त्याच हिशोबानं मी चाललो होतो. या घरात माझ्या हातचं दूध नेहमी बंद केल्यावर का उतू जायचं, ते मला दोन वर्षांनी त्या दिवशी कळलं.

कोमट झाल्यावर घोटायला घेतलं. खट, खट, खट. आजींनी ओठांवर बोट ठेवलं, "प्स्स्ट!" पातेल्याखाली टॉवेल ठेवला. तरी खटखट. मग त्यांनी सोफ्यावरची बायकोची पाय ठेवायची मोठी लोडासारखी उशी आणली आणि पातेलं तिच्यात बसवलं. मी जमिनीवर बसून, उशी मांडीत घेऊन, मुक्यानं घोटायला लागलो. टायरचे नट फिरवणारा माणूस मी, पाच मिनिटांत खांदा गेला. आजींनी उशीसकट पातेलं ओढून घेतलं. मग त्या, मग मी, मग त्या. मी दमून हाश्श केलं तरी "प्स्स्ट".

आणि एकदम, बघता बघता, चमक गेली. काकवीचा रंग बदामी झाला. अक्रोड टाकले, तोवर ती पातेल्यातच घट्ट व्हायला लागली. निम्मी कशीबशी ताटात थापली, निम्मी पातेल्याला चिकटली. एवढ्यात मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

बायको दारात. समोर खालच्या आजी, त्यांच्या मांडीवर तिची उशी, उशीत पातेलं, आणि मी गुडघ्यांवर बसून पातेल्यात तोंड घातलेलं. ती दाराला धरून हसायला लागली. हसता हसताच येऊन बसली, चमचा घेतला आणि ताटातली वडी सोडून पातेल्यातली खरवड काढून तोंडात टाकली.

मी विचारलं, "कशी आहे?"

"तशी नाहीये."

माझ्या पोटात गोळा आला. तोही कडक.

"ती मऊ होती," म्हणाली आणि आणखी एक चमचा घेतला. "ही जरा करपलीये." आणखी एक.

"मग राहू दे, मी परत करतो," म्हणून मी पातेल्याला हात घातला.

तिनं पातेलं उशीसकट कवटाळलं. "हात लावशील तर बघ!"

तेवढ्यात सासूबाई देवळातून परतल्या, कॉल आला. "अगं, पुरवले का यांनी डोहाळे?" बायकोचे दात वडीत रुतलेले. "म्म्, म्म्," एवढंच निघालं. सासूबाई घाबरल्या. "काय झालं? बोलत का नाही? पुरवले की नाही?" आजींना काय कळलं कोण जाणे, पण पलीकडची म्हातारी काळजीत आहे एवढं दिसलं असावं. त्यांनी तोंडातला घास एका गालात सारला, मोबाइलकडे वाकल्या आणि ठणकावून सांगितलं, "जा, जा. गेनाऊ!"

"मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या.

मुलगी झाली. कान एकदम ठणठणीत. दोन खोल्यांपलीकडे मी वडीच्या डब्याचं झाकण नुसतं सैल केलं तरी तिला ऐकू येतं. मराठीत अभ्यासाला हाक मारली की मात्र ऐकू येत नाही.