सुवार्ताताईंची थैली

पेण स्टँडवर रोह्याच्या एस.टी.त बसलं, की सुवार्ताताई डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागत. प्रार्थना अर्ध्या मिनिटाची. पण गडब मागे पडायचं, कासू जायचं, तरी ताई 'रोजची भाकर आज आम्हांस दे' या ओळीशीच अडकलेल्या असत. मधेच कपाळाला आठी पडे, मान झटक्यात हले आणि ओठ पुन्हा पहिल्या शब्दावर येत. कंडक्टरला त्या एक बोट वर करून थांबवत. तो बिचारा पुढच्या बाकाकडे वळे.

"झाली का?" मी विचारायचो.

"कुठली! मधे घाण आली रे."

आम्ही दोघं पेणच्या टपाल कचेरीत कामाला होतो. दोघंही घाटावरून आलेले ख्रिस्ती, आणि त्या भागात आमची घरं जेमतेम सहा-सात. रोह्याला यशवंतकाकांच्या ओसरीवर रविवारी उपासना व्हायची, त्यासाठी हा प्रवास. काका आमच्या या छोट्या मंडळीतले वडीलधारे, त्यांचा शब्द अखेरचा.

घाण म्हणजे काय, ते मला वर्षभराने कळलं. नागोठण्याला गाडी पंक्चर झाली होती. रस्त्याकडेला बसल्या बसल्या ताईंनी खालच्या आवाजात सांगितलं, की प्रार्थनेत देवाचं नाव आलं की त्याला लागूनच एक गलिच्छ शिवी मनात उठते. आपण देत नाही, ती येते. मग ती प्रार्थना बाटली, पुन्हा पहिल्यापासून. सकाळपासून चाळीस-चाळीस वेळा. तोवर भात करपतो, दूध उतू जातं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा आणि भलताच शहाणा होतो. म्हटलं, "ताई, मनात असतं तेच वर येतं ना?"

ताईंनी पदराने मान पुसली आणि टायर बदलणाऱ्या क्लीनरकडे बघत राहिल्या. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. वर आणखी शहाणपणा असा, की मदत होईल म्हणून मीच ते काकांच्या कानावर घातलं.

काकांनी उपास करायला लावले. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केल्या. "सुवार्ता, तू सैतानाला जागा दिलीस म्हणून तो बसलाय. विश्वास पक्का असला की मन शांत असतं." महिन्यातून एकदा बाहेरगावचे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, येऊन प्रभुभोजन, येशूच्या स्मरणाची भाकर, देत. भाकरीची ताटली फिरत फिरत ताईंपाशी आली, की त्या ती तशीच शेजारणीकडे सरकवत. बाटलेल्या तोंडाने ती भाकर कशी घ्यायची? अशी सहा वर्षं गेली. शेवटी एका रविवारी काकांनी सगळ्यांदेखत विचारलंच, "तुझा विश्वास तरी आहे का गं? एकदा सांगून टाक."

ताई उठल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "नसता तर मी एवढी दमले असते का हो, काका?"

कुणीतरी पेटी ओढली आणि आम्ही गाणं म्हटलं.

अलिबागच्या एका डॉक्टरांनी त्याला मंत्रचळ हे नाव दिलं. आजार आहे, पाप नाही, म्हणाले. गोळ्या दिल्या आणि बजावलं, की प्रार्थना एकदाच म्हणायची. मधे काहीही येवो, मागे फिरायचं नाही. गोळ्या ताईंनी घेतल्या. दुसरं जमेना. "खरकटं ताट देवापुढे ठेवून उठू का मी?" कचेरीत त्या मला विचारत होत्या. हात मात्र सवयीने चालू होते. चारची टपालथैली बांधली, सुतळीच्या गाठीवर लाख ओतली, सील दाबलं. थैली स्टँडवर नेणारे गडबचे धर्मानाना उकिडवे बसून सगळं ऐकत होते.

"काय गो बाय, लाख लावल्यावर थैली कदी खोललीस काय?"

"नाही नाना."

"आत कुनी कुनाला काय शिव्या लिवल्यात, तुला ठाव हाय?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"तरी जातंच ना? वाचनारा वाचील नि समजंल. तुजं काम सील मारायचं." नाना थैली खांद्यावर टाकून गेलेसुद्धा.

त्या रविवारी गाडी स्टँडबाहेर पडतानाच ताईंनी डोळे उघडले. चेहरा पांढराफटक. पुढच्या बाकाची दांडी त्यांनी घट्ट धरली होती. "आली होती घाण," त्या म्हणाल्या. "पण थैली बंद." नागोठण्यापर्यंत त्यांनी ती दांडी सोडली नाही.

बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. पुढेही कित्येक सकाळी भात करपलाच. पण वर्षभराने ताटली आली तेव्हा त्यांनी तुकडा उचलला. काका टक लावून बघत होते. मी माझ्या चपलांकडे बघत होतो. ताई तो एवढासा तुकडा किती तरी वेळ चावत होत्या. परतताना त्या पेणपर्यंत तोंड उघडं टाकून झोपल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना गाडीत झोपलेलं पहिल्यांदा पाहिलं.

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत त्या गेल्या. दफनाच्या वेळी काकांना उभं राहवेना, म्हणून प्रभूची प्रार्थना मला म्हणायला सांगितली. क्षमेची ओळ आली आणि मला नागोठण्याचं माझं ते वाक्य आठवलं. नेमकी मला हवी होती तीच ओळ. सुटली, आणि मी पुढच्या ओळीवर गेलो.

काकांनी माझी बाही ओढली. "चुकलास. पहिल्यापासून म्हण."

मी शेवटपर्यंत म्हणत गेलो, आमेन म्हटलं आणि खाली वाकून मूठभर माती उचलली.

"पोचेल, काका," मी म्हटलं.