डाळीतली पुडी

ती घटना आजही जेवताना मध्येच आठवते आणि हातातला घास तसाच राहतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी कापलेली, जळालेली, खाडीत फुगलेली प्रेतं पाहिली. त्यांची नावंही आता आठवत नाहीत. जे प्रकरण डोक्यातून गेलं नाही त्यात रक्ताचा थेंब नव्हता, हत्यार नव्हतं आणि कुणाचं कुणाशी वैरही नव्हतं.

तेव्हा मी भाईंदरच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी चालू असतानाच खासगी रुग्णालयातून मेमो आला. नवघरला राहणारा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा बेचाळीस वर्षांचा माणूस चार दिवस अतिदक्षता विभागात राहून पहाटे गेला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘यकृत निकामी’, आणि पुढे प्रश्नचिन्ह. डॉक्टरने प्रश्नचिन्ह टाकलं की आम्हाला अकस्मात मृत्यूची नोंद करून शवविच्छेदन करावंच लागतं.

आमचे हवालदार अनुभवी होते. कागद पाहून म्हणाले, "साहेब, पिणारा होता. लिव्हर गेलं असणार. दोन दिवसांत फाइल बंद होईल."

मलाही तसंच वाटलं. व्हिसेरा तपासणीला पाठवला, प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात दिलं. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. घाबरलेली होती, पण बोलायचं ठरवून बसली होती.

"साहब, नवघर में वो जो लिफ्टवाले भाई गुजर गए, उनको सादा पीलिया नहीं था. उनकी बीवी दाल में पुड़िया डालती थी. मैंने खुद देखा है, किचन आमनेसामने है. मेरा नाम मत लेना."

निनावी फोन निम्मे खोटे असतात. पण खोटं सांगणारा माणूस मोठ्या गोष्टी सांगतो. विष, प्रियकर, विमा, असलं काहीतरी. ही बाई फक्त डाळ आणि पुडी म्हणत होती. मी साध्या कपड्यांत, महिला शिपाई आणि दोन पंच घेऊन निघालो.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. लालबागहून पंधरा वर्षांपूर्वी आलेलं कुटुंब. ती एका शाळेच्या कार्यालयात कारकून, मुलगी दहावीत. मुलीला महिला शिपायाने आतल्या खोलीत नेलं. मी सरळच विचारलं, "ताई, त्यांच्या जेवणात तुम्ही काय घालत होतात?"

ती दचकली नाही. उठली, स्वयंपाकघरात गेली, तुरीच्या डाळीचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. डाळीच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत कागदाच्या छोट्या पुड्या होत्या. पांढरी भुकटी.

"औषध आहे साहेब. दारू सोडवायचं."

पुड्या पंचांसमक्ष सीलबंद केल्या आणि दुपारी तिला ठाण्यात बोलावलं. माझ्यासमोर दोन शक्यता होत्या. एक, ती खरं सांगतेय. दुसरी, तिला दारूच्या औषधाची सबब आधीच सुचलेली आहे. मी तीन तास उलटसुलट प्रश्न विचारले. तिचं बोलणं एकदाही बदललं नाही.

नवऱ्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून कितीदा तरी शपथ घेतली होती आणि मोडली होती. पेणकरपाड्यात एक जण ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवतो’ असं तिला कुणीतरी सांगितलं. रोज एक पुडी, चव नाही, वास नाही. सुरू केल्यावर दहाएक दिवसांनी नवरा बाहेरून पिऊन आला तो लालबुंद होऊन. छाती धडधडत होती, उलट्या थांबेनात. तासाभराने सावरला. तिला वाटलं, औषध लागू पडलं.

"मग?"

"मग काही दिवस बरे गेले. पण नंतर परत उशिरा यायला लागले. विचारलं तर म्हणायचे, काम होतं. जेवण जाईना, सारखे पडून राहायचे. मग डोळे पिवळे दिसायला लागले. पुढे तर बोलताना जीभ अडखळायची, दिवसा झोपायचे, चालताना तोल जायचा. मी म्हटलं, आता घरातच लपवून प्यायला लागले. त्या पुडीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, डोस वाढवा, दोन टाका."

"वाढवलात?"

"लगेच नाही वाढवला. मला भीती वाटत होती. पण त्या दिवशी तुम्ही सांगितलंत ना."

मला कळेना. "मी काय सांगितलं?"

तिने दाराबाहेरच्या बाकाकडे बोट केलं. "साहेब, मी त्यांना ह्याच ठाण्यातून घेऊन गेले होते. त्या बाकावर बसवलं होतं त्यांना. तुम्हीच म्हणालात, ताई, भरदुपारी एवढी पितात, आवर घाला. त्या दिवसापासून मी दोन पुड्या टाकल्या."

मी स्टेशन डायरी मागवली. त्याला रुग्णालयात दाखल करण्याच्या आठवडाभर आधी, दुपारची नोंद होती. एक इसम शेजारच्या इमारतीत चुकीच्या घराचं दार बडवत होता, रहिवाशांनी फोन केला, बीट मार्शलने आणला. नोंद हवालदारांच्या अक्षरात, खाली सही माझी. ‘दारूच्या नशेत मिळून आला. तोंडास वास. समज देऊन पत्नीच्या ताब्यात दिला.’

तेव्हा तो माणूस आठवला. बाकावर डोकं भिंतीला टेकून बसलेला. मी नाव विचारलं तर त्याने माझ्याकडे पाहून मुलीचं नाव सांगितलं. मी हसलो होतो. शवागारात त्याचा सुजलेला, हळदीसारखा पिवळा चेहरा पाहून मला ओळखही पटली नव्हती. वैद्यकीय तपासणीला पाठवायचा नियम मला माहीत होता. पण असे रोज चार-पाच येतात. प्रत्येकाला पाठवायला गाडी कुठून आणायची, असं म्हणून आम्ही तो नियम कधीच गुंडाळून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पेणकरपाड्यातल्या त्या माणसाला उचललं. गाळ्यात काचेच्या बरण्या, सुकलेल्या मुळ्या, भिंतीवर देवांच्या तसबिरी. त्याची जीभ फार सैल होती. "साहेब, शुद्ध जडीबुटी. माझ्या आज्यापासून चालत आलंय. लहान पोरालाही चालेल, काही साइड इफेक्ट नाही."

सराईत गुन्हेगार विचारलं तेवढंच बोलतो. हा न विचारलेलंही सांगत होता. मी पाण्याचा ग्लास आणि त्याच्याच गाळ्यातली एक पुडी टेबलावर ठेवली. द्यायची अर्थातच नव्हती.

"लहान मुलाला चालते ना? मग तुम्ही घ्या एक."

त्याने पुडीकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं. मग ग्लास हळूच बाजूला सरकवला.

"आत्ता नको साहेब."

"का?"

"मी... संध्याकाळी जरा घेतो."

दारू सोडवणारा हा माणूस स्वतः रोज पीत होता आणि पुडी पोटात असताना प्यायलं तर काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गाळ्याच्या मागच्या खोलीत मिक्सर सापडला आणि गोणीभर गोळ्यांची रिकामी पाकिटं. जडीबुटी वगैरे काही नव्हती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाच्या संमतीने आणि रक्त तपासत द्यायच्या गोळ्या तो अंदाजाने दळून विकत होता.

प्रकरण सुटलं असं मला वाटलं. पिणाऱ्या माणसाला गोळ्या दिल्या, वर तो प्यायला, मेला. तसा जबाब घ्यावा म्हणून रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि केसपेपर उघडला.

"इन्स्पेक्टर साहेब, तो प्यायलेला नव्हता. दाखल केलं त्याच दिवशी रक्तातली दारू तपासली. शून्य. पत्नी म्हणत होत्या सकाळीच प्यायलेत, म्हणून मी मुद्दाम तपासली."

"पण तोल जात होता. जीभ अडखळत होती. तोंडाला वास होता."

त्यांनी मला समजेल असं सांगितलं. आपण जे गिळतो, औषध असो, दारू असो, ते सगळं आधी यकृताकडे जातं. यकृत दारू दोन टप्प्यांत मोडतं. पहिल्या टप्प्यात ती दारूपेक्षाही विषारी होते, दुसऱ्या टप्प्यात निरुपद्रवी. ही गोळी दुसरा टप्पा बंद पाडते. म्हणून पहिल्या वेळी तो लालबुंद झाला, उलट्या झाल्या. पण गोळीही यकृतालाच हाताळावी लागते. एखाद्याच्या यकृताला ती सोसत नाही, सूज येते. रक्त तपासत राहिलं तर वेळेत कळतं आणि गोळी थांबवता येते. इथे देणारीला कळत नव्हतं आणि घेणाऱ्याला तर आपण घेतोय हेच माहीत नव्हतं.

"आणि यकृत बंद पडलं," त्या म्हणाल्या, "की आतड्यातली घाण न मोडता रक्तातून थेट मेंदूत जाते. माणूस न पिता झिंगतो. दिवस-रात्र कळत नाही, घर सापडत नाही. तोंडाला गोडसर, कुबट वास येतो. रोज प्यायलेल्यांचा वास घेणाऱ्यालाही तो दारूचा वाटतो."

मी विचारलं, "दाखल केलं त्याच्या आठवडाभर आधी कुणी तुमच्याकडे आणलं असतं तर?"

"वाचला असता असं मी लिहून देणार नाही. पण पुडी त्याच दिवशी बंद झाली असती."

मी जबाबावर त्यांची सही घेतली.

तेराव्यानंतर एक म्हातारा ठाण्यात आला. नवघर गावातला जुना रहिवासी, कधीकाळी बापाबरोबर मिठागरात राबलेला. टोपी हातात धरून उभा राहिला.

"साहेब, तो लिफ्टवाला दारूनं गेला असा लोक बोलतात. खोटा हाय. तो पीतच न्हवता."

"तुम्हाला काय माहीत?"

"आमचा गट हाय ना, दारू सोडलेल्यांचा. रोज सांजच्याला भाईंदर पश्चिमेला शाळेच्या वर्गात बसतो. मी पण पिणाराच व्हतो, बारा वर्सं झाली सोडून. तो एक दिवस थरथरत आला. बोलला, काका, काल प्यालो आन् छाती फुटायची बाकी व्हती. आता शरीर सोसत न्हाय, परत प्यालो तर मरेन. त्या दिवसापासून थेंब घेतला न्हाय. शहाऐंशी दिवस. वहीत मी सोता लिवलेत."

म्हणजे पुडीने पहिल्या दहा दिवसांतच काम केलं होतं. तो घाबरला, सुधारला. तो उशिरा यायचा तेव्हा ती त्याला गुत्त्यावर समजत होती, आणि तो शाळेच्या बाकावर बसून दारू सोडत होता.

"घरी का नाही सांगितलं त्याने?"

"मी पन बोललो त्याला, सांग बायकोला. तर बोलला, माझ्या तोंडाला आता किंमत न्हाय काका. इतक्या शपथा मोडल्या. सांगनार न्हाय. तिला दिसू दे."

म्हातारा गेल्यावर मी डायरीतली ती नोंद पुन्हा काढून वाचली. तिला दिसू दे, म्हणून तो वाट पाहत राहिला. आणि तिला जे दिसत होतं ते पिवळे डोळे, अडखळती जीभ, जाणारा तोल. जसजसा तो बिघडत गेला तसतसा तिला तो अधिक पिणारा दिसत गेला. शंका होती म्हणून ती एका पुडीवर थांबली होती. ती शंका मी दूर केली.

हे तिला सांगायचं कुणी? म्हाताऱ्याचा जबाब कागदपत्रांत येणार होता. न्यायालयात परक्या माणसांसमोर तिने तो पहिल्यांदा ऐकावा हे मला पटेना. मी स्वतः गेलो. सगळं सांगितलं, माझी सहीसुद्धा. ती रडली नाही. म्हणाली, "दाखल करायच्या आधीच्या रविवारी मला म्हणाले होते, आज बघ माझ्याकडे नीट. मी म्हटलं, बघितलंय, आणि डाळ वाढली."

पुडीवाल्यावर सदोष मनुष्यवधाचं आरोपपत्र दाखल झालं. तिला आम्ही साक्षीदार केलं. वरिष्ठांशी त्यावरून माझा वाद झाला, पण तिचा हेतू मारण्याचा नव्हता हे प्रत्येक कागद सांगत होता. स्टेशन डायरीतली नोंद खोडता येत नाही. मी त्याच डायरीत नवी नोंद करून आधीची नोंद तपासणी न करता घेतल्याचं लिहिलं. खात्याने चौकशी केली आणि मला ताकीद मिळाली. ती कमी होती.

त्यानंतर माझ्या ठाण्यात झिंगलेला म्हणून आणलेला प्रत्येक माणूस आधी दवाखान्यात गेला. शिपाई कुरकुरले. त्यातले बहुतेक खरंच प्यायलेले निघाले. पण एकाची साखर उतरली होती, एका म्हातारीच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोघंही जगली.

पुढे साक्षीसाठी मी पिंजऱ्यात उभा राहिलो. आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत डायरी माझ्यापुढे धरली. "सही तुमची?"

"माझी."

"म्हणजे तुमच्यासारख्या अनुभवी अधिकाऱ्यालाही तो प्यायलेलाच वाटला. त्या जागी कुणालाही तसंच वाटलं असतं, बरोबर?"

सरकारी वकील माझ्याकडे पाहत होते. हो म्हणालो असतो तर प्रश्न तिथेच संपला असता, आणि ते खोटंही नव्हतं. मागच्या बाकावर ती मुलीला घेऊन बसली होती.

मी म्हणालो, "बाकी कुणालाही वाटलं असतं. मला वाटून घेण्यासाठी नेमलेलं नव्हतं. तपासण्यासाठी नेमलं होतं."

न्यायाधीशांनी ते वाक्य नोंदवून घेतलं. चौतीस वर्षांत मी खूप जबाब लिहून घेतले. माझा स्वतःचा असा हा एकच.