मागच्या रांगेतला पिनवाला

मला पंक आवडतं हे बुऱ्हाणपुरात सांगायची सोय नाही. "कोणता पंखा?" असं विचारतात लोक. तीन-चार सुरांत आटपणारं, घसा फोडून म्हटलेलं, फाटक्या कपड्यांतलं हे विलायती गाणं मला इंदूरच्या होस्टेलात चिकटलं आणि बुऱ्हाणपुरातल्या आमच्या लालबागला परत आलो तरी सुटलं नाही. इथं ना बँड, ना ऐकणारं कोणी. मग मी एक नाद लावून घेतला. जुने हिंदी सिनेमे लावायचे आणि मागच्या गर्दीत पंक शोधायचं. डिस्कोत नाचणाऱ्या पोरीच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा, खलनायकाच्या अड्ड्यावर परदेशी बँडचं पोस्टर, तेही उलटं टांगलेलं. कपडेपटातल्या कुणीतरी विलायती मासिक पाहून केलेली उचलेगिरी. सापडलं की सिनेमा थांबवायचा आणि फोटो काढायचा. लग्न झालेलं नाही म्हणून हे चाललं, नाहीतर बायकोनं टीव्ही विकला असता.

बाबा गेले आणि आईनं बोलणं टाकलं. रडली नाही, भांडली नाही. हो, नको, बस. ताट पुढं केलं तर दोन घास, नाही केलं तर तेही नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. मला त्या नॉर्मलचा भयंकर राग आला. मोठी बहीण देडतलाईला दिलेली, भरल्या घरात. ती म्हणाली, "तू ऑफिसात, ती दिवसभर भिंतीकडं पाहत बसते. केळीची काढणी आटपली की मी घेऊन जाते तिला." मी हो म्हणालो, दुसरं काय म्हणणार? पण आई अशीच न बोलता गेली तर ती आपल्या हातून कायमची निसटणार, या भीतीनं माझी झोप उडाली होती.

एका सुटीच्या दुपारी मी सिनेमा लावला. आई दिवाणावर बसलेली, पुढ्यात गवारीच्या शेंगा, हात थांबलेले. पडद्यावर खलनायक कुणाला तरी धमकावत होता. मागं गुंडांची रांग, आणि कडेला एक हडकुळा पोरगा, जाकिटावर छातीभर सेफ्टीपिना. मी सिनेमा थांबवला आणि टीव्हीला नाक लावलं.

"त्याले घरी कोणी बटण लावून देणारं नाही का रे?"

आई बोलली होती. अख्खं वाक्य. बांगडीत पिना अडकवून जन्म काढलेली बाई ती. तिच्या लेखी पिन म्हणजे काहीतरी तुटलंय आणि टाका घालायला अजून वेळ मिळालेला नाही, बस.

मी समजावलं, "आई, ही फॅशन आहे. मुद्दाम लावतात, बंडखोर दिसावं म्हणून."

"असंल. पण हाच पोरगा मघा बाजारात भाजी घेत होता."

मी सिनेमा मागं नेऊन पाहिलं. खरंच तोच, कुर्ता-पायजम्यात, मन लावून वांगी निवडत होता. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

मग आमचं रोजचंच झालं. आई म्हणाली, तिनं हिरोकडं कधी पाहिलंच नाही. "त्याच्याकडं काय पाहायचं, तो थोडीच मरतो. मी मागचे पडदे पाहते, आपल्या गावच्या मागावरचा कपडा आहे का म्हणून." मागचा असला कोणीही माझ्याआधी तिलाच दिसायचा; तिच्या भाषेत ते सगळे पिनवाले. "गेला ना पिनवाला. तू बुडव बिस्किटं चहात." मी चिडायचो, ती गालात हसायची, आणि बोलता बोलता पोळी संपवायची.

त्या हडकुळ्या पोराचं नाव सिनेमाच्या सुरुवातीच्या कुठल्याच पाटीवर नाही. दिवसाची मजुरी घेऊन तो घरी गेला असेल. जिथं असेल तिथं सुखी राहो बिचारा. देवापुढं हात जोडतो तेव्हा मी त्यालाही आठवतो, आणि यात मला काही चमत्कारिक वाटत नाही.

काढणी आटपली तशी बहीण आली. आईची पिशवी तिनंच भरली. भरलं घर सोडून माझ्या रिकाम्या घरात थांब, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? ऑटो दारात उभी होती. आई चपला घालता घालता थांबली.

"मी नाही येत गं," ती बहिणीला म्हणाली. "तुझ्या घरी पाहणारे पुष्कळ आहेत. ह्याले एकट्याले मागचं काही दिसत नाही."