दीडशे परस

जगात वर आणि खाली अशा दोन दिशा आहेत आणि त्यातली खालचीच तेवढी कामाची, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. रेणापूरकडचे, पाणी दाखवणारे. तळहातावर आडवा नारळ घेऊन शेतातून चालायचं आणि नारळ उभा राहिला की तिथं बोअर घ्या म्हणून सांगायचं, हा त्यांचा शेतीइतकाच जुना उद्योग. माझा त्यावर विश्वास नाही, आप्पांवर आहे. पिशवीत नारळ कायम. लग्नाच्या पंगतीतून उठले तरी हात धुऊन आधी मंडपाला एक फेरी मारतात. आमच्या लातूरच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा नारळ नेमका स्वयंपाकघरात उभा राहिला. "पाणी हाय बगा लई, पर तुमच्या शेगडीखाली हाय," असं सांगून ते शांतपणे चहा प्यायले. बायको आठवडाभर शेगडीकडे संशयानं बघत होती.

मोजमापही त्यांचं विहिरीचंच. परस, म्हणजे एक उभा पुरुष, साधारण सहा फूट. मी हौसेनं बांधलेलं तीन मजली घर त्यांनी रस्त्यावरून नजरेनंच मोजलं. "सहा परस. एवढ्यात तर ओलबी लागत न्हाई." झालं कौतुक.

या माणसाचं एकच ठिकाण चुकलं, आणि तेही पोटच्या लेकीच्या शेतात, लोह्याला. बोअर नऊशे फूट खाली गेली आणि वर आली ती नुसती धूळ. शेवटी आप्पांनीच हात वर करून मशीन थांबवलं. लेक एका शब्दानं बोलली नाही. पण आप्पांच्या मनानं घेतलं की आपण कच खाल्ली, थोडक्यात सोडलं. तेव्हापासून लोह्याला जाताना ते घरून पाण्याची बाटली नेतात. लेकीच्या घरचा घोट घ्यायला तोंड नाही म्हणतात.

गेल्या वर्षी भाच्यानं मुंबईत एका उंच टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आप्पा आणि मी गेलो. गेटपाशीच नारळ उभा राहिला. "हितं पाणी हाय," आप्पांनी वॉचमनला सांगितलं. "बाबा, खाली तीन मजले पार्किंग आहे," तो म्हणाला. त्या इमारतीबद्दल आप्पांना जो काही आदर वाटला तो त्या पार्किंगमुळे.

संध्याकाळी भाच्यानं सगळ्यांना अगदी वरच्या गॅलरीत नेलं. शहर बघायला तिथं काचेचा कठडा आहे. पाहुणे समुद्र बघत होते, कुणाचं ऑफिस कुठं ते एकमेकांना दाखवत होते.

"किती उंच हाय रं हे?" आप्पांनी नातवाला विचारलं.

"नऊशे फूट असेल, आजोबा."

आप्पा काचेला कपाळ टेकून सरळ खाली बघू लागले. बराच वेळ हलेनात. चक्कर आली असेल म्हणून मी दंड धरला.

"दीडशे परस," ते म्हणाले. "एवढं खाली गेलो व्हतो म्यां. थोडक्यात न्हाई सोडलं."

तिथूनच त्यांनी मला लेकीला फोन लावायला लावला. "एवढं खोल गेलतो गं माय तुझ्यासाठी. आज डोळ्यानं बगायलोय."

"म्या तितंच उबी व्हते की, आप्पा," ती म्हणाली. "दिसभर धुळीत उबारलात, जेवलाबी न्हाईत. म्या कदी काय म्हणलं का? या घरी."

परतल्यावर मीच त्यांना लोह्याला सोडलं. लेकीनं दारात तांब्या पुढं केला. आप्पांनी तो उभ्या उभ्या संपवला आणि पुन्हा भर म्हणून तिच्या हातात दिला. मी उगाचच गाडीकडे गेलो.

ते शेत अजून कोरडंच आहे. बाटली माझ्या गाडीत राहिली, ती आप्पांनी अजून मागितलेली नाही.