अहल्याबाईंचे केस

अहल्याबाई एकोणिसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि दहाव्या दिवशी त्यांचे गुडघ्याला टेकणारे केस गेले. पुढची पंधरा वर्षं दर महिन्याला मल्लाप्पा न्हावी मल्लेश्वरमच्या त्यांच्या सासरच्या घरी मागच्या दाराने येई. अहल्याबाई विहिरीपाशी पाटावर मान खाली घालून बसत. लाल लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतला की मडीचा, म्हणजे सोवळ्याचा, स्वयंपाक त्यांच्याकडे. त्यांच्या हातचं देवालाही चाले आणि ब्राह्मणांनाही.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात खवडे झाले. वस्तऱ्याने कापलेली जागा चिघळली, उशीला डोकं टेकवेना. त्यातच सासऱ्यांचं श्राद्ध आलं. धाकटा दीर हयवदन याने आदल्या सकाळी मल्लाप्पाला बोलावून घेतलं.

मल्लाप्पाने पदर जरा सरकवून पाहिलं आणि वस्तरा पुन्हा पिशवीत ठेवला.

"अण्णा, आज हात लावला तर रक्त येईल. आठ दिवस जाऊ द्या."

"उद्या ब्राह्मण जेवायचे आहेत," हयवदन म्हणाला. "स्वल्प हलक्या हातानं कर."

अहल्याबाई पाटावरून उठल्या. उठताना आपण काय करणार आहोत हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण उभं राहिल्यावर पुन्हा बसणं त्यांच्याच्याने होईना.

"मल्लाप्पा, तू घरी जा. पुन्हा येऊ नकोस."

"वहिनी, उद्याचा स्वयंपाक कोण करणार?"

"कमला करील. तुमच्या बायकोलाही हात आहेत."

"केस वाढवून या घरात राहता येणार नाही."

"फाटकावर अजून तुमच्या दादांचं नाव आहे, हयवदन. ते पुसा आणि मग मला जायला सांगा."

त्या दिवसापासून स्वयंपाकघर त्यांना बंद झालं. त्यांनी मागच्या पडवीत तीन विटा मांडल्या. पंधरा वर्षं दुसऱ्यांची चूल पेटवणाऱ्या बाईला स्वतःची पेटवायला कितीसा वेळ लागणार? पहिल्या दिवशी तिच्यावर त्यांनी भात नाही, कडुलिंबाचा पाला उकळला. त्या कोमट पाण्याने रोज डोकं धुतलं. महिन्याभरात खपल्या धरल्या आणि गळून पडल्या.

केस उगवले ते मात्र शेताला कीड लागावी तसे. कानामागे दाट, टाळूवर विरळ, आणि कपाळावरच्या जुन्या जखमेपाशी काहीच नाही. भाजीवाली गंगव्वा बेळगावकडची, तिची मराठी कानडीच्या हेलात चाले. तिने टोपली खाली ठेवून ते डोकं नीट न्याहाळलं.

"मुळं मेली नाहीत अम्मा, रुसलीत. मी गरग आणून देते."

गरग म्हणजे माका. गंगव्वा तो तलावाकाठून उपटून आणी. अहल्याबाई त्याचा रस काढत. परसातल्या जास्वंदीची पानं, ब्राह्मी, कढीलिंब आणि भिजवलेली मेथी वाटून घालत आणि सगळं खोबरेलात मंद आचेवर आटवत. मग कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर अजून पाणी आहे, शांत जळली तर तेल झालं. पहिल्या खेपेला तेल करपलं, दुसऱ्या खेपेला बुरशी आली. तिसऱ्या खेपेचं हिरवंकाळं तेल त्यांनी बोटांच्या टोकांनी टाळूत जिरवलं, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याला मायेने हात लावला.

केस खांद्याला आले तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर सोडला. देवळात पुजाऱ्याने त्यांना तीर्थ देताना पळी मागे घेतली.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "नका देऊ." पुढच्या शुक्रवारी त्या त्याच जागी उभ्या होत्या. त्याच्या पुढच्याही. पुजारी पळी मागे घेई, त्या हात पुढे करत. असं तीन वर्षं चाललं, मग एका शुक्रवारी पळी मागे गेली नाही.

सत्तावन्न साली जाऊ कमलाला विषमज्वर झाला. ताप उतरला आणि केस मुठीमुठीने गळू लागले. एका कलत्या दुपारी ती घरातल्यांची नजर चुकवून पडवीत आली.

"अक्का, थोडं तेल द्याल?"

अहल्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांत ही बाई पडवीची पायरी चढली नव्हती.

"देईन. पण चोरून नाही. पुढच्या ओट्यावर बस, मी लावते."

"सगळे बघतील."

"बघू देत."

कमला ओट्यावर जाऊन बसली. अहल्याबाईंनी तिचे केस सोडले आणि भांग पाडून तेल मुरवायला सुरुवात केली. समोरच्या कस्तुराबाई अंगणात सडा घालायला आल्या होत्या, त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"अगं अहल्या, हे काय चाललंय?"

"डोक्याला तेल लावतेय. तुम्ही बसता का?"

कस्तुराबाई आत गेल्या. तेवढ्यात हयवदन ऑफिसातून आला. फाटकाशीच थबकून म्हणाला, "कमला, आत चल."

अहल्याबाईंच्या बोटांखाली कमलाची मान ताठ झाली. अहल्याबाईंनी हात थांबवला नाही, पण तिला धरूनही ठेवलं नाही.

"अर्धं डोकं राहिलंय," कमला म्हणाली. "झालं की येते."

हयवदन बाजूच्या बोळाने मागे गेला. त्यानंतर दोन वर्षं तो वहिनींशी बोलला नाही. त्यांनीही त्याची वाट पाहिली नाही. कमलाचे केस पहिल्यासारखे झालेच नाहीत, गळायचे तेवढे थांबले. पण दर शनिवारी ती ओट्यावर बसे.

एकसष्ट साली पलीकडच्या गल्लीत बावीस वर्षांची विद्या विधवा झाली. तिच्या सासऱ्यांनी न्हाव्याला निरोप धाडला. अहल्याबाईंना कळलं तेव्हा त्या नुकत्याच न्हाल्या होत्या. ओले केस पाठीवर मोकळे टाकूनच त्या तिच्या सासरी पुढच्या दाराने शिरल्या आणि विद्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. सासरे ओरडले, मग समजावू लागले, मग मठ वाळीत टाकील म्हणू लागले.

"मठाला म्हणावं, आधी माझं डोकं भादरा," अहल्याबाई म्हणाल्या.

तीन दिवस त्या तिथून हलल्या नाहीत. कमला दोघींना डबा पोचवत राहिली. चौथ्या दिवशी विद्याचा भाऊ धारवाडहून आला आणि बहिणीला माहेरी घेऊन गेला. टांग्यात चढताना विद्याची वेणी सुटली होती. अहल्याबाईंनी टांगेवाल्याला थांबवून ती नीट घालून दिली.